दुपारी चारनंतरचा आजार

साठच्या दशकात, पावसाळ्यातल्या एका सोमवारी, बेंगळुरूच्या एका सरकारी इस्पितळातला मज्जाविकारांचा संध्याकाळचा बाह्यरुग्ण विभाग बंद करण्यात आला. तो आठवड्यातून एकदा, शुक्रवारी चार ते सहा, वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात भरत असे. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाक. आदेशात कारण एका वाक्याचे होते: हा विभाग इस्पितळाच्या वेळेत बसत नाही.

तो सुरू करणारे डॉक्टर माझे घरमालक होते. मल्लेश्वरमला त्यांच्या घरामागच्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहत होतो आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. बंदीची बातमी मी लिहिली. ती चार ओळींत छापून आली. मथळा होता, ‘इस्पितळाच्या वेळेत बदल’.

डॉक्टरांचे घराणे तीन पिढ्या बेंगळुरूत होते. घरात मराठी बोलत, पण ती इथली, कन्नड मिसळलेली. ‘स्वल्प थांबा’ आणि ‘सरी, सरी’, म्हणजे बरं, बरं, यांशिवाय त्यांचे एक वाक्य पुरे होत नसे. विलायतेत शिकून ते पन्नासच्या दशकात परतले, तेव्हा इस्पितळाने त्यांना मेडिसिनच्या वॉर्डाच्या टोकाला, न्हाणीघराशेजारी, दोन खाटा दिल्या. दहा-बारा वर्षांत त्या दोन खाटांचा विभाग झाला आणि त्यांचे विद्यार्थी चार राज्यांतल्या इस्पितळांत प्रमुख झाले. न्हाणीघर शेवटपर्यंत शेजारीच राहिले.

त्यांच्याकडे शिकलेला माणूस ओळखणे सोपे होते. तो रोग्याला आधी चालायला लावी आणि मग त्याच्या चपला उलट्या करून तळ बघे. पाय ओढत चालणाऱ्याची चप्पल पुढून झिजते, पाय आपटत चालणाऱ्याची टाचेत झिजते. रोगी लाजेपायी खोटे बोलेल, चप्पल बोलणार नाही, असे डॉक्टर शिकवत. ही सवय इस्पितळाबाहेरही सुटत नसे. एका लग्नात मांडवाबाहेर काढलेल्या चपला ते ओळीने उलट्या करून बघत बसले. त्यांच्या पत्नी, ज्यांना मी अक्का म्हणत असे, वधूच्या आईला म्हणाल्या, “लोक लग्नात चपला चोरतात. आमचे हे उलट्या करतात. काही जाणार नाही तुमचं, निश्चिंत असा.” त्यातली एक डावी चप्पल हातात धरून डॉक्टर पंगतीत फिरले. ती एका बँकेतल्या कारकुनाची निघाली. पुढच्या आठवड्यात तो गृहस्थ त्यांच्या वॉर्डात दाखल होता.

रोग्याला वास येतो की नाही हे तपासायला ते कॉफीची पूड वापरत. दर सोमवारी कोपऱ्यावरच्या दुकानातून समोर दळून घेत आणि दर सोमवारी भेसळीवरून दुकानदाराशी भांडत.

“चिकोरी घातलीस.”

“इल्ला सार, स्वल्पसुद्धा नाही. ही पिणार कोण, तुमचे पेशंट?”

“हुंगणार. पेशंटच्या नाकाची परीक्षा घ्यायची तर आधी तुझ्या पुडीची घ्यायला नको?”

हे भांडण मी अनेकदा ऐकले आहे. दुकानदार त्यात एकदाही जिंकला नाही आणि त्याने चिकोरी घालणेही सोडले नाही.

त्यांच्या वॉर्डात एक नियम होता. कोणत्याही विद्यार्थ्याने रोग्याविषयी ‘हिस्टेरिया’, ‘ढोंग’ किंवा ‘काही नाही’ असे म्हटले, तर त्याने त्या रोग्याशेजारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्ची टाकून बसायचे. जेवण तिथेच, पुस्तक नाही. संध्याकाळी पुन्हा तेच म्हणायची तयारी असली तर म्हणायचे. या शब्दांनी डॉक्टरांचा आवाज चढे. “नवऱ्याला सांगून झालं, सासूला सांगून झालं, देवऋष्याकडे जाऊन झालं. मग बाई इथे येते. आणि तुम्ही पाच मिनिटं गुडघ्यावर हातोडी आपटून सांगता, काही नाही. काही नाही हे तिला शेजारीण सांगते की! त्याला इस्पितळ कशाला पाहिजे?”

या नियमामुळेच सरोजा टीचर उजेडात आल्या.

त्या बेंगळुरूबाहेर आनेकलच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत. घरात मराठी, शाळेत कन्नड, वय तिशीच्या आतबाहेर. नवरा वारला होता. आई आणि लहान मुलगी त्यांच्यावर अवलंबून होत्या. दुपारनंतर त्यांचा आवाज नाकात जाई, फळ्याकडे हात उचलत नसे आणि पापण्या मिटू लागत. शेवटच्या तासाला त्या खुर्चीत डोळे मिटून बसत. मुख्याध्यापिकेने लेखी तक्रार केली: बाई वर्गात झोपतात. शिक्षण खात्याने त्यांना वैद्यकीय मंडळापुढे पाठवले. मंडळ सकाळी दहाला बसत असे. आनेकलहून पहाटेच्या बसने निघालेल्या, वाटभर झोप झालेल्या सरोजा टीचर मंडळापुढे ताठ उभ्या राहिल्या आणि विचारले ते सगळे त्यांनी करून दाखवले. मंडळाने लिहिले: दोष आढळला नाही. आता त्यांच्यावर कामचुकारपणाची कारवाई सुरू होणार होती आणि तिचा शेवट नोकरी जाण्यात होता.

त्या डॉक्टरांकडे आल्या. डॉक्टरांनी त्यांना दोनदा तपासले. मिनिटभर वर बघायला लावले तरी पापण्या ढळल्या नाहीत. तिसऱ्या खेपेला त्यांनी दोन-तीन दिवसांसाठी दाखल करून घेतले. तिथे एक हुशार विद्यार्थी, जो पुढे या हकीकतीत पुन्हा येतो, राउंडवर म्हणाला, “सर, हिस्टेरिया.”

“खुर्ची घे,” डॉक्टर म्हणाले.

पुढचे मी पाहिलेले नाही. त्या विद्यार्थ्यानेच ते आमच्या ओसरीवर मला सांगितले, त्या काळी मोठ्या अभिमानाने. सरोजा टीचरनी सकाळभर त्यालाच शिकवले. त्याला एकोणीसचा पाढा येत नव्हता. “डॉक्टर होणार आणि एकोणीस सक्कं येत नाही?” असे म्हणून त्यांनी तो त्याच्याकडून पुन्हा पुन्हा घोकून घेतला. जेवताना त्या घास चावता चावता थांबल्या आणि हनुवटीला हाताचा आधार दिला. तीनला आवाज नाकात गेला. चारच्या सुमारास डावी पापणी अर्धी उतरली, मग उजवी. समोरच्या माणसाचे तोंड दिसावे म्हणून त्यांनी मान मागे टाकली. विद्यार्थी धावत डॉक्टरांच्या खोलीकडे गेला.

डॉक्टर आले. बघत उभे राहिले. मग त्यांनी एक इंजेक्शन मागवले आणि स्वतः दिले. थोड्या वेळाने पापण्या वर गेल्या. सरोजा टीचरनी एकोणीसचा पाढा सुरुवातीपासून शेवटपर्यंत, स्वच्छ आवाजात म्हटला. वॉर्डातल्या बायका रडू लागल्या. डॉक्टर विद्यार्थ्याला म्हणाले, “दोनदा बघितली मी हिला. दोन्ही वेळा दहा वाजता. मूर्ख!” तो शेवटचा शब्द कुणासाठी होता हे विद्यार्थ्याला कळले नाही.

या आजारात स्नायू वापरले की थकतात आणि विश्रांती मिळाली की सावरतात. सकाळी माणूस धडधाकट असतो, दिवस उतरला की गळतो. इस्पितळ सकाळी नऊ ते बारा. त्यामुळे असे रोगी बरे दिसायच्या वेळी येत आणि बरे म्हणून परत जात. कितीजण गेले ते सांगता येत नाही. डॉक्टरांनी पुढच्याच शुक्रवारी व्हरांड्यात टेबल टाकले. परवानगी मागितली नाही.

मंडळाला त्यांनी कळवले की बाईंना पुन्हा बघा, पण चार वाजता. मंडळाने उत्तर दिले की मंडळ सकाळी बसते. त्या संध्याकाळी डॉक्टर ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. अक्कांनी कॉफी आणून ठेवली, ती निवली.

“दुपारी बारा वाजता आभाळाकडे बघायचं आणि दाखला द्यायचा, चंद्र नाही म्हणून! अहो पेपरवाले, छापा हे.”

“छापतील असं वाटत नाही,” मी म्हणालो.

“मग तुमचा पेपरही सकाळीच निघतो म्हणायचं.”

अखेर मंडळ आले, एका शुक्रवारी, सव्वाचारला. त्यासाठी डॉक्टरांनी विभागप्रमुखपदाचा राजीनामा खिशात घालून अधीक्षकांची खोली गाठली होती, असे अक्कांनी सांगितले. मंडळाने सरोजा टीचरच्या पापण्या उतरताना पाहिल्या, इंजेक्शननंतर वर जाताना पाहिल्या, आणि आधीचा निष्कर्ष बदलला. नवा निष्कर्ष असा: बाई खरोखर आजारी आहेत, सबब शिक्षिकेच्या नोकरीस अपात्र.

माणसाला राग आल्यावर काय होते ते मी त्या दिवशी पाहिले. डॉक्टर ओरडले नाहीत. घरी परतल्यावर जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी सावकाश बूट काढले. मग म्हणाले, “काल ती ढोंगी होती म्हणून काढत होते. आज ती खरी आहे म्हणून काढतात. म्हणजे काढायचंच आहे. आमचं शास्त्र फक्त कारण पुरवायला!”

सरोजा टीचर तिथेच ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “डॉक्टर, मला ढोंगी म्हणत होते तेच बरं होतं. तेव्हा निदान शाळेत जात होते.”

शाळेत वर्गखोल्या कमी म्हणून दोन पाळ्या भरत; टीचरची दुपारची होती. डॉक्टर शिक्षण खात्यात जाऊन बसले. बाईंना सकाळची पाळी द्या, गोळ्या घेऊन त्या नीट शिकवतील, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तीन खेपांनंतर एका अधिकाऱ्याने ते मान्य केले, अट घालून: दर महिन्याला मज्जाविकार विभागाने तपासून दाखला द्यायचा की आजार कायम आहे, पण सकाळच्या कामास हरकत नाही. आजार दिसायचा तो चारनंतर. म्हणून सरोजा टीचर महिन्यातून एका शुक्रवारी दुपारच्या बसने येत, व्हरांड्यातल्या टेबलाशी बसत, रात्री मल्लेश्वरमला मामांकडे राहत आणि पहाटेच्या बसने परत जात. त्यांची नोकरी त्या टेबलावर टिकून होती.

ते टेबल उचलण्यात आले.

त्यामागे कोण होते हे मला खात्रीने सांगता येत नाही. संध्याकाळी नर्स आणि शिपाई थांबवावे लागतात, अशी तक्रार होती. ती खरी होती. डॉक्टरांशी वाकडे असणारे बरेच होते, हेही खरे होते. वॉर्डाच्या दारावर नवी पाटी लागली: बाह्यरुग्ण विभाग, सकाळी नऊ ते बारा.

डॉक्टर घरी रोगी तपासत नसत. सरकारी नोकरीत खासगी प्रॅक्टिसला बंदी होती. बाकीचे ती मोडत, डॉक्टर पाळत. मंत्र्याचा मेव्हणा मोटारीतून आला तेव्हाही त्यांनी त्याला फाटकातूनच इस्पितळाची वेळ सांगितली होती. टेबल उचलल्यानंतरच्या शुक्रवारी चार वाजता मात्र त्यांनी स्वतः आतली वेताची खुर्ची उचलून ओसरीवर ठेवली. सरोजा टीचर आल्या. तपासणी मी माझ्या खिडकीतून पाहिली. वर बघा, मोजा, हात धरा. अक्कांनी त्यांना कॉफी दिली. डॉक्टरांनी विभागाचा दाखला लिहिला. असे चार-पाच महिने चालले.

मग निनावी तक्रार गेली आणि चौकशी समिती बसली. समितीत तीन सभासद होते. दोघे डॉक्टरांचे विद्यार्थी होते. एक तोच, एकोणीसचा पाढा शिकलेला. त्याच्याशी झालेली प्रश्नोत्तरे मला डॉक्टरांनी सांगितली.

“तुम्ही घरी रोगी तपासलात?”

“होय.”

“फी घेतलीत?”

“नाही. उलट कॉफी दिली. चिकोरीची.”

“सर, आता एकच विचारतो. नियम मोडला हे तुम्हाला मान्य आहे?”

“मान्य आहे. आता तू सांग, ती खुर्ची इस्पितळात का नव्हती?”

या प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम समितीकडे नव्हते. आरोप सिद्ध झाला. डॉक्टरांना लेखी ताकीद मिळाली आणि विभागप्रमुखपद त्या विद्यार्थ्याकडे गेले. डॉक्टर दोन महिन्यांनी निवृत्त झाले. निरोपसमारंभाला ते गेले नाहीत. तिथे चार राज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याविषयी भाषणे केली. वॉर्डातल्या त्या नियमाचा आणि खुर्चीचा उल्लेख सगळ्यांनी केला, व्हरांड्यातल्या टेबलाचा कुणी केला नाही. मी मागच्या रांगेत होतो.

निवृत्तीनंतरचा पहिला दाखला नव्या प्रमुखांनी दिला. त्यांनी सरोजा टीचरना सकाळी तपासले, कारण आता दुसरी वेळच नव्हती. लिहिले: दोष आढळला नाही. शिक्षण खात्याने त्याचा सरळ अर्थ लावला. बाई बऱ्या झाल्या. पुढच्या महिन्यापासून त्यांना दुपारची पाळी.

सरोजा टीचर कागद घेऊन मल्लेश्वरमला आल्या. डॉक्टरांनी तो वाचून परत दिला.

“उद्या इस्पितळात येता? दुपारची गोळी घ्यायची नाही. त्रास होईल. असह्य झालं की सांगा, लगेच इंजेक्शन देईन, मी शेजारीच आहे. पण होईल. तयारी आहे?”

“दुपारच्या पाळीत तसं रोजच होणार, डॉक्टर. एक दिवस आधी होईल.”

“सरी.” मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “तुम्हीही चला, पेपरवाले. बातमी होणार नाही, माहीत आहे मला. खुर्ची उचलायला माणूस पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही तिघे विभागात गेलो. खिडकीवरच्या कारकुनाने डॉक्टरांना ओळखले आणि तो उभा राहिला. पण नियमाप्रमाणे विचारले, “पेशंटचे कोण?”

“काका,” डॉक्टर म्हणाले.

प्रमुखांच्या खोलीत दोन तरुण डॉक्टर होते. प्रमुख उठले. “सर, तुम्ही कशाला आलात? निरोप पाठवला असतात तर...”

“मी डॉक्टर म्हणून आलेलो नाही, पेशंटचा नातेवाईक आहे. तू लिहिलंयस, काही नाही. या वॉर्डात तसं म्हणणाऱ्याने काय करायचं असतं?”

तरुणांपैकी एक म्हणाला, “दिवसभर बसायचं, सर.” तो नियम त्याला प्रमुखांनीच शिकवला होता, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते.

“आज मला राउंड आहे, मीटिंग आहे,” प्रमुख म्हणाले.

“जा की. ती येईल बरोबर. रोगी चालता असला तर बरोबर न्यायला हरकत नाही, असं मीच शिकवलं होतं.”

त्याप्रमाणे झाले. प्रमुख पुढे, मागे विद्यार्थी, त्यांच्यामागे सरोजा टीचर, शेवटी खुर्ची घेऊन मी. प्रमुख थांबले की खुर्ची ठेवायची, टीचर बसत. डॉक्टर उभे राहत. मीटिंगच्या खोलीत आम्हाला येऊ दिले नाही. आम्ही दाराबाहेर बसलो, दार उघडे राहिले. सकाळी टीचर हसतखेळत होत्या. विद्यार्थ्यांना पाढे विचारत होत्या. जेवणानंतर विचारणे थांबले. तीनला आवाज गेला. त्यांनी पर्स उघडून गोळीच्या बाटलीकडे पाहिले आणि पर्स बंद केली. चारनंतर पापण्या उतरल्या आणि त्यांनी प्रमुखांकडे बघण्यासाठी मान मागे टाकली.

डॉक्टरांच्या खिशात इंजेक्शन तयार होते. त्यांनी ते प्रमुखांपुढे धरले. प्रमुखांनी दिले.

टीचरचे डोळे उघडले. मग प्रमुख हलक्या आवाजात म्हणाले, “मला माहीत होतं, सर.”

“माहीत होतं म्हणूनच मी नातेवाईक म्हणून आलो,” डॉक्टर म्हणाले. “माहीत नसतं तर शिकवायला आलो असतो.”

दाखला त्याच संध्याकाळी बदलून देण्यात आला. सरोजा टीचर सकाळच्या पाळीत कायम राहिल्या. संध्याकाळचा बाह्यरुग्ण विभाग पुन्हा सुरू झाला नाही. बदललेला दाखला मी पाहिला आहे. त्यावर तपासणीची वेळ, दारावरच्या पाटीत बसेल अशी, सकाळी दहा लिहिली आहे.